कुंडीतील रोप आणि मनाची उभारी
घरातील रोपांची निगा राखल्याने मन प्रसन्न राहते, असे मानले जाते. यामागे हिरवाईच्या सहवासाबरोबरच जबाबदारीची जाणीवही असावी, असे १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगावरून दिसते. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी तो अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील एका शुश्रूषागृहात केला होता. तेथील वृद्धांच्या दोन्ही गटांना रोपे देण्यात आली. एका गटाने रोपांची निगा आणि दिनक्रमातील निर्णय स्वतःकडे घ्यावयाचे होते. दुसऱ्या गटाच्या रोपांना परिचारिका पाणी घालीत. तीन आठवड्यांनंतर पहिला गट अधिक आनंदी व सजग आढळला. मात्र निगा आणि निर्णयस्वातंत्र्य यांचा परिणाम वेगवेगळा मोजण्यात आला नव्हता. नैराश्य असल्यास रोपांची निगा उपचारांना पूरक ठरू शकते. ती उपचारांची जागा घेऊ शकत नाही.