मोटारगाडीचा शीतन पंखा

अंतर्ज्वलन-एंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी सु. एकचतुर्थांश ते एकतृतीयांश भाग शीतन यंत्रणेद्वारे बाहेर टाकावा लागतो. गाडी वेगात असताना रेडिएटरमधून आपोआप वारा वाहतो. गाडी मंद अथवा उभी असताना हे काम पंख्यालाच करावे लागते. व्हिल्हेल्म मायबाख यांनी आखणी केलेल्या १९०१ च्या मर्सेडीझ गाडीत मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर व त्यामागे लहान पंखा होता. त्यामुळे थोड्या पाण्यात एंजिन थंड ठेवणे शक्य झाले आणि पुढील मोटारगाड्यांना हाच नमुना मिळाला.

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात या यंत्रणेची कसोटी विशेष लागते. जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत असून उन्हाळा कडक असतो. चंदनापुरी, इमामपूर, करंजी यांसारख्या घाटांत एंजिनावर भार अधिक व गाडीचा वेग कमी असतो. विहिरींचे पाणी अनेक ठिकाणी दुष्फेन असल्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षारांचे थर साचतात. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर याच मार्गावर धावली. फाळणीपूर्वी चकलाला (आता पाकिस्तानात) येथे असलेली लष्करी वाहनांच्या तपासणीची संस्था फाळणीनंतर अहमदनगरला आली. तिच्यातूनच आजची वाहन संशोधन व विकास संस्था उभी राहिली.

फियाट ११०० (पुढे प्रीमियर पद्मिनी) आणि अँबॅसडर या गाड्यांत पंखा पाण्याच्या पंपाच्या दंडावर बसविलेला असे व भुजादंडावरून येणारा एकच पट्टा पंप, पंखा आणि डायनामो फिरवी. त्यामुळे दोष शोधणे सोपे होते. तापमापकाचा काटा चढला आणि त्याच वेळी डायनामोचा लाल दिवा लागला, तर पट्टा तुटला अथवा घसरतो आहे, असे चालकास बसल्या जागी कळे. दिवा न लागता गाडी तापली, तर पाण्याची पातळी, तापनियंत्रक, पंप, तुंबलेला रेडिएटर आणि पंख्याची पाती क्रमाने पाहत. या रचनेचा मूळ दोष असा की, एंजिन मंद फिरताना वाऱ्याची गरज सर्वाधिक असते, पण नेमका तेव्हाच पंखा मंदावतो. वेगात गरज नसतानाही तो शक्ती खातो.

डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये एंजिन आडवे होते. भुजादंडाचे टोक रेडिएटरसमोर येत नसल्याने पंख्यास स्वतंत्र विद्युत् चलित्र देण्यात आले व पाणी ठराविक तापमानास पोहोचताच ते सुरू करणारा तापस्विच बसविण्यात आला. शक्तीची बचत झाली. परंतु डोळ्यांना दिसणारा दोष तारांत लपला. पट्टा हाताने दाबून पाहणाऱ्या कारागिराला विद्युत् मंडल समजून घ्यावे लागले.

अशा जुन्या गाडीत दोष शोधण्याचा क्रम ठरलेला आहे. मोकळ्या रस्त्यावर थंड राहणारी गाडी गर्दीत किंवा उभी असताना तापत असेल, तर संशय प्रथम पंख्यावर घ्यावा; वेगातही तापत असेल, तर रेडिएटर वा पंप तपासावा. वितळतार शाबूत असल्यास तापस्विचच्या दोन्ही तारा जोडून पाहतात. पंखा फिरला, तर स्विच निकामी आहे किंवा पाणी कमी झाल्याने त्याला उष्णता पोहोचत नाही. फिरला नाही, तर चलित्रास बॅटरीतून थेट प्रवाह देतात. तरीही ते न फिरल्यास त्याचे ब्रश अथवा धारवे झिजलेले असतात. फिरल्यास दोष रिले, तारा किंवा भूयोजन यांत असतो. एंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून तपासणीपूर्वी हात व कपडे दूर ठेवावेत. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाब सुटताच उकळते पाणी उसळून भाजते. दुर्लक्ष केल्यास सिलिंडरचे टोपण वाकते, त्याखालील गॅस्केट जळते व पंख्याच्या किरकोळ दोषापायी सबंध एंजिन खोलावे लागते.

पद्मिनी, अँबॅसडर व मारुती ८०० यांचे उत्पादन आता बंद झाले आहे. १ जून २०२२ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावरच राज्य परिवहनाची ‘शिवाई’ ही विद्युत् बस सुरू झाली. तीत अंतर्ज्वलन-एंजिन नाही; तथापि विद्युत् वाहनांतही घटमाला व चलित्र यांची उष्णता बाहेर टाकावीच लागत असल्याने शीतनाचा प्रश्न कायम आहे.