हॅरी कार्नी: खर्जात सत्तेचाळीस वर्षं



दस्मानला राहणाऱ्यांना ठाऊक आहे, शुक्रवारी सकाळी गल्फ रोडवर गाड्या नसतात तेव्हा समुद्राचा आवाज खिडकीपर्यंत येतो. अशाच एका शुक्रवारी आमच्या घरात त्या आवाजात आणखी एक आवाज मिसळला. मुलीच्या शाळेत बँड आहे. वाद्यं वाटली तेव्हा बाकीच्या मुलांनी बासरी, ट्रम्पेट, छोटा सॅक्सोफोन असं पटापट उचललं. आम्ही सुट्टीवरून चार दिवस उशिरा परतलो, त्यामुळे हिच्या वाट्याला उरलेलं आलं, ते म्हणजे बास क्लॅरिनेट. भलीमोठी पेटी, आत काळं लांबलचक नळकांडं आणि खाली चिलमीसारखं वळलेलं पितळी तोंड. तिने पहिला सूर काढला आणि स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, फ्रिज बघा जरा, घरघर करतोय!"

मुलीचा चेहरा एवढासा झाला. "बाबा, याला गाणंच नसतं. सगळे गाणं वाजवणार आणि मी नुसतं भों."

मी तिला हॅरी कार्नीची गोष्ट सांगितली. तिला ती अर्धीमुर्धीच पटली, कारण मी ती अर्धीमुर्धीच सांगितली होती. इथे जरा नीट सांगतो. यात आपल्या कुवेतचा आणि मुंबईचाही संबंध आहे.

हॅरी कार्नीचा जन्म १ एप्रिल १९१० चा, अमेरिकेतल्या बोस्टनचा. आधी पियानो, मग क्लॅरिनेट, मग आल्टो सॅक्सोफोन. बोस्टनमधला त्याचा दोस्त जॉनी हॉजेस, जो पुढे आल्टो सॅक्सोफोनचा बादशहा झाला. १९२७ साली कार्नी न्यूयॉर्कला आला आणि त्याच उन्हाळ्यात ड्यूक एलिंग्टनने त्याला आपल्या बँडमध्ये घेतलं. वय १७. आपल्याकडे या वयात मुलं बारावीच्या क्लासला जातात. डिसेंबर १९२७ मध्ये हा बँड हार्लेममधल्या कॉटन क्लबमध्ये लागला आणि तिथल्या रेडिओ प्रक्षेपणांमुळे त्याचं नाव देशभर झालं.

बँडमध्ये आल्टो वाजवायला ओटो हार्डविक होताच. कार्नीने बॅरिटोन सॅक्सोफोन हाती घेतला. हा आल्टोपेक्षा एक सप्तक खाली बोलतो. नळी सरळ केली तर माणसाच्या उंचीहून लांब भरेल, गळ्यात अडकवला की मान दुखते. तेव्हा या वाद्याचा उपयोग बहुतेक ठिकाणी तालाला जोड देणं एवढाच होता. कार्नीने आपल्यासमोर दोन माणसं ठेवली: वरच्या सुरांसाठी टेनर वाजवणारा कोलमन हॉकिन्स आणि खालच्या सुरांसाठी बास सॅक्सोफोन वाजवणारा एड्रियन रोलिनी. या दोघांना एकाच वाद्यात बसवायचं, हा त्याचा प्रयत्न. तो इतका जमला की जॅझमध्ये बॅरिटोन हे एकट्याने वाजवायचं, ऐकायचं वाद्य झालं ते त्याच्यापासून. पुढचे जेरी मलिगन, पेपर ॲडम्स वगैरे सगळे या वाटेवर नंतर आलेले. १९४० च्या दशकात त्याने बास क्लॅरिनेटही घेतलं. एरिक डॉल्फीने बास क्लॅरिनेट गाजवलं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

आता थोडं सुरांविषयी, कारण खरी गंमत तिथे आहे. आपल्या कानाला तळाशी षड्ज लागतो. तानपुऱ्याची खर्जाची तार म्हणजे घराचा पाया, ती हलली तर सगळं हललं. पाश्चात्त्य बँडमध्येही तळाच्या वाद्याने मुख्य सूर धरायचा असा सर्वसाधारण रिवाज. एलिंग्टन मात्र तळाला कार्नीला कधी कधी भलताच सूर द्यायचा, समजा षड्जाऐवजी कोमल निषाद. कागदावर ते चुकीचं वाटावं. पण कार्नीचा आवाज एवढा रुंद आणि भरीव, की तो चुकीचा सूरच पाया वाटू लागायचा आणि वरचे सगळे त्यावर डोलायचे. एलिंग्टनच्या बँडचा तो धुरकट, ओळखू येणारा रंग दुसऱ्या बँडांनी नोटेशन समोर ठेवून वाजवला तरी येईना, त्याचं एक मोठं कारण हा तळाला बसलेला माणूस.

दुसरी गंमत श्वासाची. कार्नी एक सूर मिनिट मिनिट धरून ठेवायचा. 'सोफिस्टिकेटेड लेडी' या रचनेच्या शेवटी तो असा काही सूर लांबवायचा की श्रोते हसायला लागायचे, मग टाळ्या वाजवायचे, आणि तरी सूर चालूच. नाकाने श्वास आत घ्यायचा आणि त्याच क्षणी गालात साठवलेली हवा वाद्यात सोडायची, ही ती युक्ती. पाश्चात्त्य वादकांत त्या काळी हे अपूर्वाईचं होतं. पण मंडळी, आपल्या लग्नात सनईवाले आठवा. मुख्य सनई वाजवणाऱ्याच्या बाजूला एक जण बसलेला असतो, गाल फुगवून, डोळे अर्धे मिटून, एकच सूर धरून. अक्षता पडेपर्यंत तो सूर तुटत नाही. युक्ती तीच. त्याचं नाव कधी कोणी विचारलंय? मी तरी नाही विचारलं, माझ्या स्वतःच्या लग्नातही.

आता १९६३. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने एलिंग्टनचा बँड पश्चिम आणि दक्षिण आशियाच्या दौऱ्यावर पाठवला. शीतयुद्धाचे दिवस. एकीकडे अमेरिकेत कृष्णवर्णीय नागरी हक्कांसाठी रस्त्यावर उतरलेले, आणि दुसरीकडे सरकार कृष्णवर्णीय कलावंतांना जगापुढे मिरवतंय. ही विसंगती बँडमधल्यांना कळत नसेल असं नाही. सप्टेंबरमध्ये दमास्कसहून सुरुवात झाली. मग अम्मान, बैरुत, काबूल, दिल्ली. दिल्लीत एलिंग्टन आजारी पडला, दवाखान्यात राहिला, आणि काही कार्यक्रम त्याचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न याने निभावले. पुढे मद्रास, मुंबई, कलकत्ता, कोलंबो करत बँड इराणमध्ये गेला, आणि तेहरान, इस्फहान, अबादान झाल्यावर आपल्या कुवेतला आला.

तेव्हाचं कुवेत डोळ्यासमोर आणा. १९ जून १९६१ ला स्वातंत्र्य, १४ मे १९६३ ला संयुक्त राष्ट्रांत प्रवेश. १९६१ पर्यंत व्यवहारात रुपयाच होता, दिनार नुकता आलेला. दस्मानला राजवाडा होता, पण आज आमच्या गच्चीवरून दिसणारे कुवेत टॉवर्स नव्हते, ते १९७९ चे. आणि तेल १९३८ ला सापडलं असलं, तरी मोत्यांच्या मोसमात गलबतावर गेलेली माणसं अजून घराघरात होती. त्या गलबतांवर गाण्यासाठी वेगळा माणूस घेत, त्याला नह्हाम म्हणत. तो वरच्या पट्टीत आळवायचा आणि बाकीचे खलाशी छातीतून, अगदी तळातून, एक घुमणारा सूर धरायचे. पहिल्यांदा ऐकलं तर माणसांचा आवाज आहे यावर विश्वास बसत नाही. याच गलबतांतले मोती मुंबईच्या बाजारात विकले जायचे. कार्नीचा बॅरिटोन या किनाऱ्यावर वाजला तेव्हा इथल्या म्हाताऱ्या कानांना त्यात काही ओळखीचं वाटलं असेल का, हा विचार मला दस्मानच्या बाजूने फिरायला जाताना हटकून येतो.

कुवेतनंतर बगदाद. तिथे असतानाच, १३ नोव्हेंबरला, हवाई दलाच्या विमानांनी अध्यक्षांच्या राजवाड्यावर हल्ला केला. बँड त्यातून सुखरूप निघाला, तुर्कस्तानात पोचला, आणि तिथे २२ नोव्हेंबरला केनेडींच्या खुनाची बातमी आली. दौरा गुंडाळला.

या प्रवासातून एलिंग्टन आणि स्ट्रेहॉर्न यांनी 'द फार ईस्ट स्वीट' रचलं. डिसेंबर १९६६ मध्ये ध्वनिमुद्रण झालं. (नाव 'अतिपूर्वेचं', पण जपानवरची एक रचना सोडली तर सगळं आपल्या बाजूचं. भूगोल कच्चा.) त्यात दिल्लीच्या मैनेवर एक रचना आहे, ती क्लॅरिनेटला दिली. इस्फहान हॉजेसच्या आल्टोला. आणि एक आहे 'आग्रा', म्हणजे ताजमहाल. आता ताजमहाल म्हटल्यावर आपण कुठलं वाद्य निवडू? बासरी, सतार, फार तर सारंगी. त्यांनी दिलं हॅरी कार्नीला. तो जाड, खडबडीत, पितळी आवाज संगमरवरासाठी! पहिल्यांदा ऐकताना मला ते खटकलं. चार-पाचदा ऐकल्यावर कळलं, हे चांदण्यातलं पोस्टकार्ड नाही. हे कबरीचं संगीत आहे, वजनदार आणि थोडं रागावलेलं. असं वजन बँडमधल्या दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

मुंबईत या बँडच्या आधीच जॅझ मुरलं होतं. लिऑन ॲबीचा बँड १९३५ ला ताजमध्ये आला, त्यानंतर टेडी वेदरफोर्ड. मिकी कोरिया यांचा बँड ताजमध्ये दोन दशकं वाजत होता. गोव्यातली मुलं चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून मुंबईला यायची, रात्री हॉटेलात आणि दिवसा फिल्म स्टुडिओत वाजवायची. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी 'अलबेला'मध्ये (१९५१) जो धुमाकूळ घातला, त्यामागे चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड होता. चिक चॉकलेट म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, ट्रम्पेटवाले. ट्रम्पेटवाल्याचं नाव राहतं. त्या ताफ्यात मागच्या रांगेत बसून मोठा सॅक्सोफोन फुंकणाऱ्यांची नावं पडद्यावर कधी आली नाहीत. रोजच्या रोज पैसे घ्यायचे आणि शेवटची लोकल पकडायची.

मग मला राहून राहून प्रश्न पडतो, की कार्नीने हे कसं पाहिलं असेल? त्याला पर्याय नव्हते असं नाही. १९३८ साली बेनी गुडमनने कार्नेगी हॉलच्या गाजलेल्या मैफिलीत पाहुणा म्हणून त्याला बोलावलं होतं. १९५१ मध्ये हॉजेस, लॉरेन्स ब्राउन आणि अगदी पहिल्यापासूनचा ड्रमवाला सनी ग्रीअर एकदम बाहेर पडले, हॉजेसने स्वतःचा बँड काढला. कार्नी राहिला. (हॉजेस १९५५ ला परत आला, हेही सांगायला हवं.) त्याच्या स्वतःच्या नावावर तबकड्या अगदी मोजक्या, १९५४ ची तंतुवाद्यांबरोबरची ही त्यातली मुख्य. 'रॉकिन इन रिदम' या रचनेवर त्याचं नाव आहे, पण एलिंग्टन आणि मॅनेजर इर्व्हिंग मिल्स यांच्या शेजारी, तिसरं. बँडमधल्या वादकांच्या कितीतरी सुरावटी एलिंग्टनच्या नावावर गेल्या, हा आरोप जुना आहे आणि तो अगदीच खोटा नाही. बाकीचे बसने जायचे, तेव्हा गावोगाव एलिंग्टनला स्वतःच्या गाडीतून घेऊन जाणारा ड्रायव्हरही कार्नीच. सॅक्सोफोन वाजवून झाल्यावर रात्रभर स्टिअरिंग, शेजारी साहेब.

हे वाचून तुमच्यापैकी काहींच्या पोटात माझ्यासारखंच काहीतरी हललं असेल. मी इथे बावीस वर्षं एकाच कंपनीत आहे. दर सुट्टीत पुण्याला गेलो की मोठे भाऊ विचारतात, "किती दिवस दुसऱ्याचं करणार? स्वतःचं काहीतरी काढ." अकामा दुसऱ्याचा, घर भाड्याचं, शेवटी हातात पडणार ती इंडेम्निटी. मी केलेल्या डिझाइनवर सही दुसऱ्याची असते. एकदा एका मोठ्या कामाच्या उद्घाटनाच्या फोटोत आमची अख्खी टीम कापली गेली होती. त्या दिवशी घरी येऊन मी 'आग्रा' लावलं होतं, हे बायकोला आजवर सांगितलेलं नाही.

म्हणून कार्नीला 'निष्ठावान सेवक' म्हणून गौरवणारे लेख वाचले की मला राग येतो. सेवक सोपा असतो, दुसरा मिळतो. एलिंग्टनला दुसरा कार्नी मिळाला नसता, आणि हे दोघांनाही माहीत होतं. तो जे सूर लिहायचा ते बॅरिटोनसाठी लिहितच नव्हता, कार्नीसाठी लिहायचा. १९४४ मध्ये 'फ्रस्ट्रेशन' नावाची रचना खास त्याच्यासाठी केली. सहीचा हिशोब मात्र याने मिटत नाही. तो मला मिटवताही येत नाही.

ड्यूक एलिंग्टन २४ मे १९७४ ला गेला. हॅरी कार्नी त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला गेला. मध्ये साडेचार महिने. १९२७ पासून मोजलं तर सत्तेचाळीस वर्षं एकाच बँडमध्ये, एकाच खुर्चीवर. त्याच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच चार्ल्स मिंगसच्या बँडने 'फॉर हॅरी कार्नी' ही रचना ध्वनिमुद्रित केली.

हे सगळं परवा मुलीला सांगितलं, या वेळी पूर्ण. तिने 'आग्रा' ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं, आणि विचारलं, "त्याची मान दुखायची नाही?" मग आत जाऊन पाण्याचा ग्लास आणि स्ट्रॉ घेऊन बसली. नाकाने श्वास घेत बुडबुडे तुटू द्यायचे नाहीत, असा सराव करतात हे तिने कुठूनतरी शोधून काढलंय. टेबलभर पाणी झालं. सर्वात लांब बुडबुडा अकरा सेकंद.

कळावे,
दस्मानहून आपलाच एक

ता.क.: ऐकायचंच असेल तर आधी 'आग्रा', मग 'सोफिस्टिकेटेड लेडी' कार्यक्रमात वाजवलेलं, स्टुडिओतलं नको. आणि लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकू नका, खालचे सूर त्यात येतच नाहीत. हेडफोन लावा.