आधी हिशोब दाखवा! कोकरूड १८७५ ते आजचं गृहकर्ज

घराच्या कर्जाचा हप्ता थकायला लागला की आपल्याकडं माणूस पहिलं काय करतो? बँकेचा फोन उचलायचं बंद करतो. मॅनेजरसमोर बसून "साहेब, एवढा हप्ता झेपत नाही, मुदत वाढवून द्या" म्हणायची लाज वाटते. म्हणून आज थोडा इतिहास. कारण हीच मागणी आपल्या भागातल्या शेतकऱ्यांनी दीडशे वर्षांपूर्वी केली होती, आणि सरकारला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला होता.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर तुटून पडले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं आणि सप्टेंबरात सातारा जिल्ह्यातल्या कोकरूडलाही तसाच उठाव झाला. हो, शिराळा तालुक्यातलं आपलं कोकरूड! तेव्हा शिराळा, वाळवा, तासगाव, खानापूर हा सगळा मुलूख साताऱ्यातच होता. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं.

या दंग्यांत एक गोष्ट बघण्यासारखी आहे. बहुतेक ठिकाणी लोकांना सावकाराचा जीव नको होता, त्याच्याकडची खतं हवी होती. खतं हातात आली की ती जाळायची आणि घरी जायचं.

खतांवर एवढा राग का? १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं असल्या कर्जाचा दावा तीन वर्षांच्या आत लावायचं बंधन घातलं. हेतू चांगला होता, शेतकरी वाचावा. सावकारानं त्यातूनच वाट काढली. तीन वर्षं भरत आली की थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचं आणि नवं खत लिहून घ्यायचं. समजा १०० रुपये शेकडा २४ नं घेतले. तीन वर्षांनी नवं खत १७२ चं. आणखी तीन वर्षांनी २९६ चं! हातात आले होते १००. शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, तो खाली नांगराची निशाणी करून मोकळा. पुढं कोर्टात ते खत आलं की वरचा आकडा हाच पुरावा. बरेच शेतकरी तारखेला जायचेच नाहीत, निकाल एकतर्फी. त्यात १८६५ ला अमेरिकेतलं युद्ध संपून कापसाचा भाव पडला आणि शेतसारा मात्र वाढला.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. पहिल्यांदा फक्त चार जिल्ह्यांना : पुणे, सातारा, सोलापूर, नगर. (सांगली, मिरज, जत ही संस्थानं यात नव्हती.) सरसकट कर्जमाफी यात नव्हती. मग होतं काय?

एक, कोर्टानं खतावरचा आकडा मान्य न करता पहिल्या रुपयापासून हिशोब काढायचा, मुद्दल वेगळं आणि व्याज वेगळं. दोन, कर्जदार स्वतः कोर्टात जाऊन "माझा हिशोब करा, माझं गहाण सोडवून द्या" असा दावा लावू शकत होता. तीन, बाकी रकमेचे झेपतील असे हप्ते बांधून द्यायचा अधिकार कोर्टाला होता. चार, पावती आणि मागितला तर वर्षाचा हिशोब लेखी द्यायची सक्ती सावकारावर होती. पुढं न्यायमूर्ती रानड्यांनी या कायद्याखालच्या कोर्टांच्या तपासणीचं काम बरीच वर्षं केलं.

पळवाट निघालीच. गहाणखताचा हिशोब होतो म्हटल्यावर काही सावकार सरळ खरेदीखतच लिहून घ्यायला लागले. "पैसे दिले की परत करतो" हे फक्त तोंडी. मग कायद्यात दुरुस्ती करून, खरेदीखत दिसलं तरी व्यवहार मुळात गहाणाचा होता का हे तपासायची मुभा कोर्टाला द्यावी लागली. ही खोड अजून गेलेली नाही. म्हणूनच २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात अशा जमिनीसाठी जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करायची सोय आहे.

आता आजचं. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये बदलत्या व्याजदराच्या, हप्त्यानं फेडायच्या कर्जांसाठी नियम घातले. दर बदलला तर हप्त्यावर आणि मुदतीवर काय परिणाम होतो ते बँकेनं कळवायचं. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारायचं. मुदत इतकीही ताणायची नाही की हप्ता व्याजालाच पुरणार नाही आणि मुद्दल वाढत जाईल. दर तिमाहीला आजवरची मुद्दल आणि व्याजाची वसुली, राहिलेले हप्ते आणि व्याजदर यांचा हिशोब द्यायचा.

नीट वाचा. १७२ चं आणि २९६ चं खत डोळ्यांसमोर आणा. तोच आजार, तेच औषध.

फरक एवढाच की आज वाचता येऊनही आपण कागद मागत नाही. उत्पन्न घटलं, दुकान बसलं, घरात आजारपण आलं, तर हप्ता तुंबायच्या आधी लेखी अर्ज द्या. त्यात उत्पन्न किती, झेपेल असा हप्ता किती, मुदत किती हवी हे आकड्यात लिहा आणि पोच घ्या. बँक प्रत्येक मागणी मान्य करेलच असं नाही. पण खातं एकदा थकीत गेलं, साठ दिवसांची नोटीस दारात आली, की बोलायला जागा फार कमी उरते.

कोकरूडच्या लोकांकडं खत जाळण्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता. आपल्याकडं अर्ज आहे.

शिराळा, वाळवा, कराड, तासगाव भागात कुणाच्या घरी जुनी गहाणखतं असतील तर रद्दीत घालू नका. फोटो पाठवा, मिळून वाचू.