काळा घोडा: स्वार गेला, नाव राहिलं

आजचा भाग मुंबईतल्या एका घोड्याबद्दल. मधली ५२ वर्षं तो जागेवर नव्हता, तरी लोक त्याच्यापाशी भेटत होते.

माझे बाबा १९८५ साली फोर्टमधल्या एका बँकेत लागले. लग्नाआधी आईला त्यांनी भेटायला बोलावलं ते, ‘सहा वाजता काळ्या घोड्यापाशी ये’ असं सांगून. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला वाटायचं, तिथे घोडा असणारच. नव्हता! तो तर वीस वर्षं आधीच उचलून नेला होता.

झालं असं की, १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा राजा सातवा एडवर्ड, मुंबईत आला. त्याची आठवण म्हणून व्यापारी अल्बर्ट ससून यांनी त्याचा घोड्यावर बसलेला पुतळा शहराला दिला. शिल्पकार जोसेफ बोएम, साल १८७९. पैसा ससूनचा, रुबाब राजपुत्राचा, पण मुंबईकरांनी नाव घेतलं ते घोड्याचं. स्वाराला कोणी मोजलंच नाही.

१९६५ मध्ये हा पुतळा भायखळ्याच्या राणीबागेत हलवला. चौकाचं नाव मात्र तसंच राहिलं. आमच्या कोडमध्ये ऑब्जेक्ट डिलीट झाला आणि रेफरन्स तसाच राहिला, तर प्रोग्रॅम क्रॅश होऊ शकतो. इथे सगळं आरामात चालू राहिलं. १९९९ पासून तिथे कला महोत्सव भरतो, तोही याच नावाने.

मग जानेवारी २०१७ मध्ये त्याच परिसरात नवा घोडा आला. संकल्पना वास्तुविशारद अल्फाज मिलर यांची, शिल्प श्रीहरी भोसले यांचं. उंची सुमारे २५ फूट. आणि पाठीवर कोणीच नाही!

खरं सांगू? आधी मला ही पळवाट वाटली. स्वारच नाही म्हणजे वादच नाही. मग एका रविवारी बाबांना नवा घोडा दाखवला आणि तिथून जुना बघायला राणीबागेत नेलं. बाबा बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, “अरे, हा कोण बसलाय?”

तीस वर्षं ज्याच्या नावावर भेटी ठरवल्या, त्याचा स्वार त्यांना माहीतच नव्हता! तेव्हा मला नव्या शिल्पाचं मोल कळलं. भोसल्यांनी स्वार काढला नाही, तो लोकांनी बोलता बोलता केव्हाच उतरवला होता. लोकांच्या तोंडात जे होतं, तेच त्यांनी घडवलं.

पण लगेच टाळ्या नकोत. राणीबागेचं नाव कधीच जिजामातांच्या नावावरून ठेवलंय, तरी बाबा आणि मीही अजून ‘राणीबाग’च म्हणतो. ती राणी म्हणजे व्हिक्टोरिया, याच एडवर्डची आई! म्हणजे लोकांची जीभ दरवेळी इतिहासाचा हिशोब चुकता करतेच असं नाही. कधी कधी ती नुसती सवय असते.

तुमच्या गावात आहे का असा चौक, जिथली वस्तू गेली पण नाव उरलं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकू. चला, भेटू!