रेडिओपासून टॅबपर्यंत : घरातल्या एका प्रश्नाचा इतिहास



मंडळाचा कोणताही कार्यक्रम घ्या. चहाच्या वेळी आईबाबांचा एक घोळका जमतो आणि हमखास प्रश्न येतो, "तुम्ही टॅब किती वेळ देता हो?" कोणी अर्धा तास सांगतात, कोणी "फक्त शनिवार-रविवार" म्हणतात, कोणी नुसतेच हसून बटाटेवड्याकडे वळतात. आम्हा कार्यकर्त्यांच्या घरीही चित्र फारसे वेगळे नाही, त्यामुळे उपदेश करण्याचा अधिकार आम्हाला नाही. परंतु हा प्रश्न आपल्या पिढीला प्रथमच पडलेला नाही. आपल्या आजी-आजोबांनी आणि आईवडिलांनी तो कसा हाताळला, आणि सिंगापूरने तो कसा हाताळला, हे एकदा मांडून पाहावे म्हणून हा लेख.

आपल्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. येथील शाळांत मातृभाषा शिकवली जाते, पण तमिळशिवाय ज्या भारतीय भाषांना १९९० च्या सुमारास मान्यता मिळाली त्या पाच : बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू. मराठी त्यांत नाही. आपल्या बऱ्याच घरांतली मुले हिंदी घेतात, आणि ते योग्यच आहे. परंतु याचा अर्थ असा की मुलाच्या कानावर मराठी पडेल ती घरातच. आईबाबा बोलतील ती, आणि घरातले यंत्र बोलेल ती.

आता थोडे मागे जाऊ. पुण्यात वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली 'आनंद' हे मुलांचे मासिक सुरू केले. त्या काळी कादंबऱ्या वाचून मुले बिघडतात अशी तक्रार घरोघरी असे. म्हणजे आज टॅबवर होणारा आरोप तेव्हा छापील पुस्तकावर होत होता! आपट्यांनी पुस्तकावर बंदी मागितली नाही, मुलांसाठी वेगळे वाचायला दिले. पुढे ताराबाई मोडक यांनी १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्यासह नूतन बालशिक्षण संघ उभा केला आणि 'शिक्षणपत्रिके'तून पालकांसाठी लेखन केले. मुलाला हाताने काही करू द्यावे, मोठ्यांनी धाक कमी करून लक्ष जास्त द्यावे, हा त्या चळवळीचा गाभा होता.

मग रेडिओ आला. पुणे आकाशवाणी १९५३ साली सुरू झाली. तेथे 'बालोद्यान' हा मुलांचा कार्यक्रम गोपीनाथ तळवलकर करीत, मुलांचे ते 'नाना'. १ एप्रिल १९५५ पासून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' आठवड्याला एक गीत याप्रमाणे सुरू झाले आणि वर्षभरात ५६ गीते झाली. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या आईवडिलांना ती आजही पाठ आहेत. हे पाठांतर कोणी सक्तीने करून घेतले नव्हते. घरात रेडिओ एकच, तो बाहेरच्या खोलीत, आणि ऐकणारे आजीपासून नातवंडांपर्यंत सगळे. पुढचे गीत आठवडाभर थांबल्याशिवाय मिळत नसे. त्या आठवड्यात आधीचे गुणगुणले जाई, त्यातला अवघड शब्द आजी समजावून सांगे. आज आपण ज्याला देखरेख म्हणतो ती तेव्हा वेगळी करावीच लागत नसे, कारण मुलाने जे ऐकले ते मोठ्यांनीही ऐकलेले असे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हाही काही वर्षे हेच चालले. चाळीत एका घरी टीव्ही आणि दारात सगळ्या मजल्याच्या चपला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७१ मध्ये, बालभारतीने 'किशोर' मासिक सुरू केले होते. पाहायला आणि वाचायला दोन्ही होते, पण दोन्ही मोजके होते.

त्याच काळात आपल्या या दुसऱ्या घरी, सिंगापुरात, काय चालले होते? येथे १९४९ साली रेडिफ्यूजन आले. तारेने जोडलेला हा ध्वनिक्षेपक महिन्याची वर्गणी भरून घरात, कॉफीच्या दुकानात लावला जाई. ली दाय सोह हे कॅन्टोनीज कथाकार त्यावर गोष्टी सांगत आणि त्या ऐकायला लोक हातातले काम थांबवीत. होक्कियन, तिओच्यू या बोलींतही कथा होत. आजी-आजोबा आणि नातवंडे एकत्र ऐकत. आपल्या 'बालोद्याना'चे आणि 'गीतरामायणा'चे हे भावंडच म्हणायचे. १५ फेब्रुवारी १९६३ रोजी येथे टीव्हीही सुरू झाला.

मग १९७९ साली 'मँडरिन बोला' मोहीम आली. निरनिराळ्या बोली बोलणाऱ्या चिनी समाजाची एक भाषा व्हावी हा तिचा हेतू. पुढच्या तीन-चार वर्षांत रेडिओ-टीव्हीवरचे बोलींतले कार्यक्रम टप्प्याटप्प्याने बंद झाले. शाळेत त्या बोली नव्हत्याच, आता डब्यातूनही गेल्या. जनगणनेचे आकडे पाहा. घरात मुख्यतः चिनी बोली बोलणारे रहिवासी २०१० साली १४.३ टक्के होते, २०२० साली ८.७ टक्के राहिले. इंग्रजी मुख्यतः बोलणारे याच दहा वर्षांत ३२.३ वरून ४८.३ टक्क्यांवर गेले. केवळ रेडिओ-टीव्हीमुळे असे झाले असे म्हणणे बरोबर होणार नाही. शाळा, नोकरी, बदललेली वस्ती, सगळ्याचा त्यात भाग आहे. पण आपल्या शेजारच्या ब्लॉकमधली आजी होक्कियन बोलते आणि नातू इंग्रजीत उत्तर देतो, हे आपण लिफ्टमध्ये अनेकदा ऐकतो. शाळेत नाही, डब्यात नाही, अशा भाषेचे दोन पिढ्यांत काय होते ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. मराठी येथे त्याच जागी आहे.

आपल्या समाजातल्या जुन्या घरांनी यावर एक साधा उपाय केला होता, आणि त्याला तंत्रज्ञानानेही हातभार लावला. भारत आणि सिंगापूर दोन्हीकडे टीव्हीची पद्धत 'पाल' होती, त्यामुळे मुंबईहून आणलेली व्हिडिओ कॅसेट येथे जशीच्या तशी चाले. अमेरिकेतल्या आपल्या भाऊबंदांकडे 'एनटीएससी' असल्याने त्यांना ही सोय नव्हती. सुट्टीहून परतताना चिवडा, मेतकूट, भाजणी यांच्याबरोबर चार कॅसेटी येत. त्या घरोघरी फिरत आणि फिरून फिरून खरखरू लागत. कॅसेटी इतक्या थोड्या की मुलांना नाटकातले संवाद तोंडपाठ होत. पुढे ती मुले मंडळाच्या रंगमंचावर उभी राहत तेव्हा उच्चार कोठून आले याचे नवल वाटत नसे.

१९९४ साली सिंगनेटने घरगुती इंटरनेट सुरू केले आणि हा मोजकेपणा संपला. सरकारने १९९६ साली नियम केले आणि शंभर संकेतस्थळे बंद केली. पण हा आकडा प्रतीकात्मक आहे, सगळे अडवणे शक्य नाही, हे सरकारनेही मान्य केले. १९९७ साली शिक्षण खात्याने पाच वर्षांसाठी दोन अब्ज डॉलरची योजना आणली. शाळेतल्या एकूण तासांपैकी ३० टक्के वेळ संगणकाच्या साहाय्याने शिकवावे हे तिचे उद्दिष्ट होते. १९९९ साली इंटरनेटसाठी पालकांचाच एक सल्लागार गट स्थापन झाला. म्हणजे तीन वर्षांत कुलपाकडून आपण पुन्हा आईबाबांकडे आलो. संगणक बैठकीच्या खोलीत, सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवा, हा त्या काळातला सर्वांचा आवडता सल्ला. रेडिओ बाहेरच्या खोलीत असे, त्याचीच ही नवी आवृत्ती.

हा सल्ला किती दिवस टिकला? यंत्र खिशात मावू लागले तेव्हा तो डळमळला. ८ एप्रिल २०२० पासून करोनामुळे सगळ्या शाळा घरातून भरल्या, तेव्हा पुरता मोडला. २०२१ च्या अखेरीस माध्यमिक शाळेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती स्वतःचे उपकरण आले. आता "बंद कर ते" म्हटले की "गृहपाठ आहे" हे उत्तर तयार असते, आणि बऱ्याचदा ते खरेही असते!

वेळ मोजण्याचा मार्गही जुनाच आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ साली दोन वर्षांखालील मुलांना टीव्ही दाखवू नये असे सांगितले. २०१६ साली त्यांनीच सल्ला सुधारला आणि दीड वर्षाखालील मुलांसाठी एक अपवाद ठेवला : व्हिडिओवरून माणसांशी बोलणे. सिंगापूरच्या आरोग्य खात्याने जानेवारी २०२५ मध्ये जे मार्गदर्शन दिले त्यातही तोच अपवाद आहे. दीड वर्षापर्यंत पडदा नाही, दीड ते सहा वर्षांपर्यंत शाळेबाहेर दिवसाला एक तासाहून कमी, सात ते बारा वर्षांपर्यंत गृहपाठ सोडून दोन तासांहून कमी, आणि जेवताना नाही.

हा अपवाद आपल्यासाठी मोलाचा आहे. पुण्याची किंवा नागपूरची आजी काचेपलीकडूनच बोलते, तरी ती चालते. का? कारण ती उत्तर देते. बाळ हसले की हसते, बाळाने "भू" म्हटले की "भूभू कुठाय?" असे विचारते. काच तीच, फरक आहे तो समोरच्या माणसाचा. 'सेसमी स्ट्रीट' ही मालिका १९६९ साली सुरू झाली तेव्हा तिच्या निर्मात्यांनी मोठ्यांना हसू येईल असे विनोद मुद्दाम घातले, ते आईबाबांनी शेजारी बसावे म्हणूनच.

आम्ही पेशाने रसायनशास्त्राचे. मात्रा चुकली की औषधाचे विष होते हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. दुसऱ्या वर्षी कळते की मात्रा एकच असली तरी पदार्थ कशात विरघळवला आहे त्यावर बरेच ठरते. मुलाने एकट्याने पाहिलेला अर्धा तास आणि आजोबांबरोबर पाहिलेला अर्धा तास घड्याळात सारखेच दिसतात, पण ते सारखे नाहीत. तेव्हा मर्यादा अवश्य असावी, पण नुसत्या मर्यादेने मराठी येत नाही. पडदा पूर्ण बंद केला तर त्या रिकाम्या वेळात मूल आपोआप मराठी बोलू लागेल असे नाही, ते शेजारच्या मित्राशी इंग्रजीतच बोलेल.

या सगळ्या इतिहासातून आम्ही आमच्या घरांपुरत्या काही गोष्टी घेतल्या आहेत. एक, आठवड्यातून एकदा सगळ्यांनी मिळून एकच मराठी गोष्ट ऐकायची किंवा पाहायची, आणि पुढचा भाग पुढच्या आठवड्यापर्यंत थांबवून ठेवायचा. कुरकुर होते, पण मधल्या दिवसांत त्यावर बोलणेही होते. दोन, आजीशी व्हिडिओवर बोलताना "कशी आहेस, बरी आहे" इथेच न थांबता मुलाने तिला एक ठरावीक प्रश्न विचारायचा : तुमच्या शाळेत पाटी होती का, पावसात गाव कसे दिसे, पुरणपोळी फुटली तर काय करायचे. तीन, पाहण्याइतकेच करणेही असावे. थोरल्या मुलाने आजोबांची आठवण ध्वनिमुद्रित करावी आणि नंतर ऐकून देवनागरीत टंकावी. ऐकणे, समजणे, शुद्धलेखन आणि संगणक, चारही एका कामात येतात. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. दहावीच्या वयाच्या मुलांना त्यात आपल्या गावच्या लेखात भर घालता येईल.

यांतले काहीच महाग नाही, फक्त मोठ्यांचा वेळ लागतो. आणि खरी अडचण तीच आहे हे आम्ही जाणतो. दोघांच्या नोकऱ्या, दूरचे प्रवास, रात्री उशिराच्या बैठका. पडदा आपल्याला पाऊण तास उसंत देतो म्हणूनच तो घरात एवढा शिरला आहे. त्या पाऊण तासाबद्दल कोणी कोणाला दोष देऊ नये. आठवड्यातला एक तास शेजारी बसता आले तरी पुष्कळ झाले.

एक विनंती. पुढील अंकात दोन पाने मुलांसाठी राखून ठेवली आहेत. आजी-आजोबांना विचारलेला एक प्रश्न आणि त्यांचे उत्तर, मुलांच्या शब्दांत, अर्धे पान. टंकलेले चालेल, हस्ताक्षरातले अधिक आवडेल, शुद्धलेखनाच्या चुका आम्ही हळूच सुधारू. मजकूर कोणाही कार्यकर्त्याकडे द्यावा. झेरॉक्सचे यंत्र आमच्याकडे आहे, मजकूर तुमच्या घरी आहे.