केबल बॉक्सचे अवरक्त नियंत्रण : आज्ञा जाते, उत्तर येत नाही

बेळगावच्या खडेबाजारासारख्या जुन्या बाजारपेठेत तळमजल्यावर दुकान आणि माडीवर बिऱ्हाड ही रचना नेहमीची. हात थरथरत असल्याने वृद्ध आईला रिमोटची बारीक बटणे दाबता येत नाहीत; अशा वेळी मुलाने खाली दुकानात बसून मोबाईलवरून केबलचा बॉक्स सुरू करून द्यावा, ही सोय गृह-स्वयंचलनातून सहज साधते. मात्र ती भरवशाची व्हावी यासाठी बॉक्सपर्यंत आज्ञा कशी पोहोचते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

केबल टेलिव्हिजन कायद्यातील २०११ च्या दुरुस्तीनंतर देशात डिजिटल प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. महानगरे आणि मोठी शहरे यांच्यानंतर उर्वरित नागरी भागांसाठी ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत ठरली. बेळगाव, निपाणी आणि गोव्यातील शहरे या तिसऱ्या टप्प्यात मोडत होती. तेव्हापासून वाहिनी बदलण्याचे काम टीव्हीकडून सेट-टॉप बॉक्सकडे गेले. साध्या बॉक्सला इंटरनेटची जोडणी नसते. बाहेरची आज्ञा स्वीकारण्याचे त्याचे एकच दार म्हणजे पुढच्या भागातील अवरक्त ग्राहक.

रिमोटमधील एलईडी साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतो. ऊन व दिवे यांच्या प्रकाशातून तो वेगळा ओळखता यावा म्हणून तो सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो. प्रचलित एनईसी पद्धतीत आरंभी ९ मिलिसेकंदांचा स्पंद, मग साडेचार मिलिसेकंदांचा विराम आणि त्यापाठोपाठ ३२ बिटांचा संकेत असतो. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत हीच वारंवारता ३६ हजार असते. प्रत्येक उत्पादकाचे संकेत निराळे असल्याने एका बॉक्सचा रिमोट दुसऱ्याला चालेलच असे नाही.

गृह-स्वयंचलनात वाय-फायवर चालणारे अवरक्त प्रक्षेपक यंत्र मूळ रिमोटचे संकेत एकदा शिकून घेते आणि मोबाईलवरून किंवा ठरलेल्या वेळी आज्ञा मिळताच ते पुन्हा सोडते. वाय-फाय भिंत ओलांडते, अवरक्त प्रकाश ओलांडत नाही. म्हणून यंत्र बॉक्सच्याच खोलीत, त्याच्या समोर असावे लागते. बॉक्स लाकडी कपाटात असेल, तर तारेचा छोटा एलईडी त्याच्या ग्राहकापाशी चिकटवता येतो. यंत्रातून संकेत निघतो की नाही, हे अनेक मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहता येते. एलईडी तेथे फिकट जांभळा चमकताना दिसतो.

खरी अडचण पुढेच आहे. आज्ञा पोहोचली की नाही, हे बॉक्स कळवत नाही. बहुतेक रिमोटवर चालू आणि बंद यांसाठी एकच बटण असते. वीज जाऊन परत आली की काही बॉक्स आपोआप सुरू होतात, काही प्रतीक्षेत राहतात. अशा वेळी मोबाईलवर ‘बंद’ दिसत असताना बॉक्स प्रत्यक्षात चालू असू शकतो. मुलाने पाठवलेली ‘चालू’ची आज्ञा मग आईसमोरचा पडदाच काळा करते.

यावर उपाय आहेत. बॉक्सला चालू आणि बंद यांचे स्वतंत्र संकेत समजत असतील, तर तेच वापरावेत. वीज मोजणारा स्मार्ट प्लग खरी स्थिती सांगू शकतो. परंतु काही बॉक्स प्रतीक्षेतही जवळजवळ तेवढीच वीज घेतात, त्यामुळे आधी मोजून पाहणे इष्ट. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बॉक्स सतत चालू ठेवून केवळ टीव्ही चालू-बंद करणे. त्यात थोडी वीज अधिक खर्च होते. टीव्हीचा वीजवापर मात्र दोन्ही स्थितींत स्पष्ट वेगळा असतो, त्यामुळे त्याची खरी स्थिती प्लगवरून निश्चित कळते.

वाहिनीचा क्रमांक पाठवताना दोन अंकांमध्ये सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे अंतर ठेवावे, अन्यथा एखादा अंक गळतो. केबलचालकाने क्रमांक बदलल्यास जुनी आज्ञा भलतीच वाहिनी लावते. म्हणून क्रमांकांची यादी वेळोवेळी तपासावी. आणि वाय-फाय बंद पडले तरी आईला टीव्ही पाहता यावा, यासाठी मूळ रिमोट तिच्या हाताशीच ठेवावा.