शॉकअपची सरकलेली जागा

खडबडीत जमिनीवर मोटारसायकलच्या मागच्या चाकाला वरखाली होण्यासाठी जो वाव मिळतो त्याला अभियांत्रिकीच्या परिभाषेत ‘ट्रॅव्हल’ म्हणतात, आणि उंचवट्यांच्या मार्गावर गाडी किती वेगाने हाकता येईल हे पुष्कळ अंशी त्यावर ठरते. चिखल, चढउतार व उड्या यांनी भरलेल्या बंदिस्त मार्गावरील शर्यतींत, म्हणजे मोटोक्रॉसमध्ये, १९७० च्या सुमारास हा वाव साधारण १०० मिलिमीटर होता. दशक संपेपर्यंत तो ३०० मिलिमीटरच्या आसपास गेला. या वाढीत लांब शॉकअपपेक्षा, शॉकअप ज्या दोन बिंदूंवर बसवला जातो त्या बिंदूंच्या स्थलांतराचा वाटा मोठा होता.

मोटोक्रॉसचा उगम १९२४ मध्ये इंग्लंडमधील कॅम्बर्ली येथे झालेल्या शर्यतीत मानला जातो. त्या काळी बहुतेक गाड्यांचे मागचे चाक सांगाड्याला घट्ट जखडलेले असे आणि धक्का थेट स्वाराच्या कण्यापर्यंत पोहोचे. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘स्विंग आर्म’, म्हणजे गॅरेजच्या बोलीतला चिमटा, सर्वत्र रूढ झाला: एका टोकाला सांगाड्यात खिळलेला, दुसऱ्या टोकाला चाकाचा आस धरणारा आणि मधल्या धक्क्यांसाठी दोन शॉकअपवर विसावलेला. रॉयल एनफिल्डने १९४८ मध्ये अशी रचना असलेली बुलेट ट्रायल्स स्पर्धांत उतरवली. १९५५ पासून मद्रासमध्ये जुळवली जाऊ लागल्याने ही गाडी भारतीयांच्या चांगल्याच परिचयाची झाली. तिच्यावर दिसतात तसे आसाजवळ जवळजवळ उभे बसवलेले दोन शॉकअप हीच पुढील दोन दशके मोटोक्रॉसचीही सर्वमान्य मांडणी होती.

या मांडणीत चाक जेवढे उचलले जाते जवळपास तेवढाच शॉकअपही दबतो, त्यामुळे शॉकअपचा दांडा जेवढा आत जाऊ शकेल तेवढीच चाकाची मजल राहते. दार बिजागरीजवळ धरून ढकलले तर हात थोडाच हलतो पण दाराची कड बरीच सरकते आणि जोरही जास्त लागतो. चिमट्याचेही तसेच आहे. ५० सेंटिमीटर लांबीच्या चिमट्यावर शॉकअपचे खालचे टोक खिळीपासून ४५ सेंटिमीटरवर असेल, तर त्याच्या १० सेंटिमीटर दबण्याने चाक सुमारे ११ सेंटिमीटर उचलले जाते, आणि तेच टोक ३० सेंटिमीटरवर आणले तर चाकाला जवळपास १७ सेंटिमीटर वाव मिळतो. मात्र शॉकअपवर येणारा भार दीडपट होतो आणि स्प्रिंगचा ताठपणा अंतराच्या गुणोत्तराच्या वर्गाने, म्हणजे सव्वादोनपट, वाढवावा लागतो.

या हिशेबाला शर्यतीच्या मैदानात वजन आले ते १९७३ मध्ये. बेल्जियन अभियंता लुसियाँ टिल्केन्स यांनी दोन शॉकअपऐवजी एकच लांब शॉकअप टाकीखाली आडवा बसवून तो त्रिकोणी चिमट्याला जोडण्याची योजना आखली होती. यामाहाने ती घेतली आणि तिच्यावर स्वीडनच्या हाकान आंदरसन यांनी त्या वर्षीचे २५० सीसी गटाचे जगज्जेतेपद पटकावले. मूळ कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. इंग्लंडच्या फिलिप व्हिन्सेंट यांनी १९२८ मध्येच त्रिकोणी चिमटा आणि आसनाखालची स्प्रिंग यांचा मेळ घातला होता.

यामाहाचे तंत्र ज्यांच्या हाती नव्हते त्यांनी करवत आणि वेल्डिंग यांचा आधार घेतला. सांगाड्यावरचे जुने कान, म्हणजे शॉकअप अडकवण्याच्या पट्ट्या, कापून ते पुढे जोडणे, चिमट्यावर मधोमध नवे कान बसवणे आणि ते उखडू नयेत म्हणून मागे पोलादी पट्टीचा टेकू देणे, असे फेरफार लहानमोठ्या कार्यशाळांत होऊ लागले. स्प्रिंग काढून चाक हाताने पूर्ण वर उचलून पाहिल्याखेरीज हे काम पुरे होत नसे, कारण वाढलेल्या वावाबरोबर टायर मडगार्डला, आसनाच्या तळाला किंवा सायलेन्सरला घासण्याचा धोका असे. १९७४ मध्ये जर्मनीच्या मायको कंपनीने पुढे सरकवलेले, तिरपे शॉकअप कारखान्यातूनच देण्यास सुरुवात केली.

एक अडचण सुटली की तिच्या जागी दुसरी उभी राहत असे. तेव्हाच्या साध्या शॉकअपमध्ये तेल आणि हवा एकत्र असल्याने तो फार तिरपा केला की हवा तेलात मिसळून फेस होई आणि धक्का शोषण्याची ताकद शर्यतीच्या मध्यावरच ओसरे. चिमट्याच्या लांब फेऱ्यात चेन कधी सैल तर कधी ताठ पडत असल्याने तिला ताण देणारी चकती लावावी लागे. मधोमध भार आल्याने चिमटे वाकत, म्हणून ते जाड झाले. आणि आसन इतके उंच गेले की बुटक्या स्वाराचे पाय जमिनीला धड टेकेनात.

उपायही याच क्रमाने आले. वायू आणि तेल वेगळे ठेवणारे, तेलाची जादा टाकी असलेले शॉकअप रूढ झाले. १९७६ मध्ये केंट ओलिन यांनी स्वीडनमध्ये सुरू केलेल्या कंपनीचे शॉकअप लावलेल्या केटीएमवर सोव्हिएत स्वार गेन्नादी मोइसेयेव्ह यांनी १९७८ चे २५० सीसी जगज्जेतेपद मिळवले. १९८० च्या आगेमागे कावासाकी, सुझुकी आणि होंडा यांनी चिमटा व एकच शॉकअप यांच्यामध्ये तरफांची जोडणी घातली. त्यामुळे चाक सुरुवातीला सहज उचलले जाई व शेवटी अधिकाधिक ताठ होई, आणि वेल्डिंगने जागा बदलण्याचा खटाटोप मागे पडला.

तरीही आसाजवळचे उभे दोन शॉकअप नाहीसे झाले नाहीत. दुधाचे कॅन लादून गावाहून तालुक्याला जाणाऱ्या मोटारसायकलला ३०० मिलिमीटर उडीची गरज नसते; मागचा जड भार चिमट्याला न वाकवता आणि शॉकअपवर जादा ताण न आणता पेलणे हे तिचे काम असते, आणि त्यासाठी शॉकअप भाराच्या जितका जवळ तितका बरा. मोटोक्रॉसने वाव मिळवण्यासाठी जी ताकद खर्ची घातली, ती या गाड्यांनी ओझ्यासाठी राखून ठेवली आहे.